पावणेपाच म्हणजे नेमके किती? चिकटवायच्या छोट्या घड्याळाच्या निमित्तानं



माझ्या वर्गातल्या एका मुलामुळं मला घड्याळाचा पाठ नव्यानं शिकवावा लागला. पाठ मुलांचा होता, पण शिकले जास्त मीच. आधी तो किस्सा सांगते, मग माझं म्हणणं मांडते.

मुलगा चौथीतला. शाळेत कधी उशिरा न येणारा, दिलेलं काम वेळेत करणारा. त्याची आई रोज इचलकरंजीला यंत्रमागावर कांड्या भरायला जाते. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. त्या शनिवारी कामावर निघताना आईनं त्याला सांगून ठेवलं होतं, "दुपारी जेवून घे. पावणेपाचला हातकणंगल्याच्या स्टँडवर ये, मी तिकडनंच येतो. पाचच्या गाडीनं मामाकडं जायचंय." मामाच्या घरी त्या रात्री जागरण-गोंधळ होता. पोराचं घर स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर.

घरातलं भिंतीवरचं घड्याळ कित्येक महिने बंद पडलेलं. सेल संपलेला, कुणी बदललेला नाही. पण फ्रीजच्या दारावर बाजारातून आणलेलं अंगठ्याएवढं डिजिटल घड्याळ चिकटवलेलं होतं. पोरगं त्या घड्याळासमोर तयार होऊन बसलं. आणि बरोबर ५:४० ला स्टँडवर हजर झालं. पाचची एसटी कधीच निघून गेली होती. आई तासभर रस्त्याकडं डोळे लावून उभी. मामाकडचा कार्यक्रम राहिला तो राहिलाच, वर पोराला दोन फटके बसले.

सोमवारी आई त्याला घेऊन थेट शाळेत आली. "मॅडम, चौथीला गेलं पोरगं आणि घड्याळ कळंना. मी पावणेपाचपास्नं थांबलो होतो, जीव नुसता टांगणीला. मोठ्या रस्त्यावरनं येणार एकटं, काय झालं असंल म्हणून!" पोरगं मान खाली घालून उभं. जरा वेळानं हळूच म्हणालं, "मॅडम, मी तर पाच मिनटं आधीच गेलो होतो."

मी त्याच्या हातात पाटी दिली. म्हटलं, पावणेपाच लिहून दाखव. त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं, ५:४५.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला हाच प्रश्न विचारला. निम्म्याहून जास्त मुलांनी तेच लिहिलं. कारण सरळ होतं. 'पावणे' म्हटलं की पंचेचाळीस, हे त्यांना पाठ होतं. आणि कानाला 'पाच' ऐकू येत होतं. दोन्ही जोडलं की झालं ५:४५! मुलांनी त्यांच्या परीनं बरोबर विचार केला होता. 'पावणे' म्हणजे 'पाव कमी' हे त्यांना कुणी नीट दाखवलंच नव्हतं. आणि तो 'कुणी' म्हणजे मीच, कारण पहिलीपासून हा वर्ग माझ्याकडं आहे.

या घड्याळावर माझा राग नाही

कुणाला वाटेल, आता मॅडम त्या डिजिटल घड्याळावर घसरणार. तसं नाही. माझ्या स्वतःच्या स्कूटरला तसलंच घड्याळ आहे. घरापासून शाळेपर्यंत रोज जाता-येता त्याचा उपयोग होतो. हल्ली मनगटावर घड्याळ बांधणारे कमी झालेत. वेळ बघायची म्हणजे खिशातून किंवा पर्समधून मोबाईल काढायचा. गाडी चालवताना मोबाईल काढण्यापेक्षा समोर चिकटवलेला आकडा दिसलेला कितीतरी बरा.

आणि घरातलं म्हणाल, तर या घड्याळाचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो तो वेगळाच. मूल वेळ बघायला म्हणून मोबाईल हातात घेतं, आणि वेळ बघून झाल्यावरही मोबाईल हातातच राहतो. अर्धा तास कुठं गेला ते त्यालाही कळत नाही. अभ्यासाच्या टेबलावर एक साधं घड्याळ असेल, तर मोबाईल घ्यायचं ते कारण तरी संपतं.

आपल्या भागात तर याचे उपयोग पावलोपावली आहेत. गोठ्यात लावा, दूध संस्थेत दूध घालायची वेळ चुकत नाही. शेतातल्या मोटरीच्या पेटीजवळ लावा, शेतीची वीज ठराविक तासच असते, मोटर किती वाजता सुरू केली ते डोळ्यांसमोर राहतं. न्हाणीघरात लावा, सकाळी शाळेच्या गडबडीत "किती वाजले गं?" म्हणून ओरडावं लागत नाही. शाळेची मुलं नेणाऱ्या रिक्षावाल्या मामांच्या काचेजवळ ते हमखास दिसतं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरही मी पाहिलंय. स्वस्त, हलकं, खिळा ठोकायला नको, मागची पट्टी काढली की चिकटलं. चांगली वस्तू आहे. जरूर घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे: हे घड्याळ मोठ्यांना वेळ सांगायला उत्तम आहे, पण मुलाला वेळ शिकवायचं काम त्याच्यावर सोपवू नका. ज्या घरात, ज्या वर्गात मूल वाढतंय, तिथं काट्यांचं गोल घड्याळ चालू स्थितीत हवंच.

आकडा कळतो, अंतर कळत नाही

डिजिटल घड्याळ फक्त 'आत्ता' सांगतं. ४:४५ म्हणजे ४:४५. मूल आकडे वाचतं आणि मोकळं होतं. पण आपल्याला रोजच्या जगण्यात 'किती वाजले' यापेक्षा 'किती वेळ राहिला' हे जास्त हवं असतं. गाडीला किती वेळ आहे, पेपर संपायला किती वेळ आहे, दूध उतू जायला किती वेळ आहे. गोल घड्याळात हा 'राहिलेला वेळ' डोळ्यांना दिसतो. मोठा काटा नऊवर आहे, बारापर्यंत एवढी जागा मोकळी आहे. ती मोकळी जागा म्हणजेच पाव तास. पहिलीतल्या मुलालाही ती बोटानं दाखवता येते.

एक प्रयोग करून बघा. चौथी-पाचवीच्या मुलांना विचारा, ४:४५ पासून ५:१० पर्यंत किती मिनिटं झाली? अनेक मुलं एकाखाली एक आकडे मांडतात आणि वजाबाकी करून उत्तर देतात: ६५ मिनिटं. ५१० मधून ४४५ गेले, राहिले ६५! वजाबाकी बिनचूक आणि उत्तर साफ चूक. कारण तो आकडा त्यांना साध्या संख्येसारखा दिसतो. तास ६० मिनिटांचा असतो हे डिजिटल घड्याळाच्या चेहऱ्यावर कुठंच लिहिलेलं नसतं. ५९ नंतर एकदम ०० का येतं, हा प्रश्नही मुलांना पडत नाही. तोच प्रश्न गोल घड्याळावर टाका. मूल नऊवर बोट ठेवतं, बारापर्यंत पंधरा, पुढं दोनपर्यंत दहा, झाले पंचवीस. वहीसुद्धा लागत नाही.

मी हे बोलले की एखादे सहकारी म्हणतात, "मॅडम, आता काट्यांचं घड्याळ बघतंय कोण? जग पुढं गेलं." जग कुठं गेलंय तेही सांगते. २०१८ साली इंग्लंडमधल्या काही शाळांनी परीक्षेच्या हॉलमधली काट्यांची घड्याळं काढून डिजिटल लावल्याच्या बातम्या आल्या होत्या. कारण काय, तर दहावी-बारावीच्या वयाच्या मुलांना काटे बघून वेळ पटकन कळत नाही आणि परीक्षेत ती गोंधळतात. परीक्षेच्या दिवशी मुलांचा ताण कमी केला, हे चांगलंच. पण मुलाला येत नाही म्हणून वस्तूच काढून टाकायची, हा उपाय शिक्षकाचा नव्हे. मुलाला येत नाही म्हणूनच तर आपण शाळेत असतो.

आणि जुनं-नवं हा वादच इथं लागू होत नाही. भिंतीवरचं सेलवर चालणारं गोल घड्याळ आणि हे चिकटवायचं घड्याळ, दोघांच्या पोटात एकच यंत्रणा असते: क्वार्ट्झचा एक बारीकसा स्फटिक. वीज मिळाली की तो एका सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आतलं सर्किट त्या थरथरीची निम्मी, निम्म्याची निम्मी करत जातं. असं १५ वेळा केलं की उरतो एक, म्हणजेच एक सेकंद! (हे गणित मुलांकडून नक्की करून घ्या. ३२,७६८ चे निम्मे, मग १६,३८४ चे निम्मे, असं करत शेवटी १ येतो तेव्हा वर्गात टाळ्या पडतात. निम्म्याचा सराव होतो तो वेगळाच.) म्हणजे आतून दोघं सख्खे भाऊ. फरक फक्त चेहऱ्याचा. आणि मुलाला रोज कुठला चेहरा दाखवायचा, एवढंच आपल्याला ठरवायचंय.

पाव, अर्धा, पाऊण

यात आपल्या मराठीचाही प्रश्न आहे. आपण वेळ सांगतो ती आकड्यांनी नाही, अपूर्णांकांनी सांगतो. सव्वाचार, साडेचार, पावणेपाच. 'सव्वा' आला संस्कृतातल्या 'सपाद' वरून, म्हणजे पावासहित. 'साडे' आला 'सार्ध' वरून, अर्ध्यासहित. आणि 'पाऊण' आला 'पादोन' वरून, पाद ऊन म्हणजे पाव कमी. पावणेपाच म्हणजे पाव कमी पाच. शब्दातच सगळं गणित सांगितलेलं आहे. ते मुलांना एकदा उलगडून दाखवलं की ५:४५ ची चूक होत नाही.

गंमत म्हणजे हेच शब्द घड्याळापुरते नाहीत. सव्वाशे म्हणजे १२५, पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीचशे म्हणजे २५०. बाजारात दीड किलो, दुकानात पाव किलो, शेतात अडीच एकर. आपल्या आजी-आजोबांच्या काळात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. आता तेवढं पाठांतर करा असं मी म्हणणार नाही. पण त्या पाठांतरामागची समज मुलाला फुकटात मिळायची एकच जागा उरली होती, ती म्हणजे भिंतीवरचं गोल घड्याळ. दिवसातून दहा वेळा मूल त्याच्याकडं बघतं आणि पाव, अर्धा, पाऊण त्याच्या डोळ्यांत बसतात. पुढं पाचवीत अपूर्णांक शिकवताना आपण कागदाची भाकरी कापून दाखवतो, ती भाकरी रोज भिंतीवर टांगलेली असतेच की!

मराठीतले वेळेचे अपवादही मजेशीर आहेत. साडेतीन, साडेचार म्हणतो, पण साडेएक आणि साडेदोन म्हणत नाही. दीड आणि अडीच म्हणतो. दुपारी १२:४५ ला पाऊण वाजला, १:१५ ला सव्वा वाजला, १:३० ला दीड वाजला. सव्वा, दीड 'वाजला' आणि अडीच मात्र 'वाजले'. हे ऐकून-ऐकूनच येतं. ज्या घरात सगळे जण 'वन थर्टी' आणि 'फोर फोर्टी-फाईव्ह' म्हणतात, तिथं मुलाच्या कानावर 'दीड' आणि 'पावणेपाच' कधी पडणार? मग आजी म्हणते पावणेपाच आणि नातू समजतो ५:४५. एका घरात राहून दोघांची घड्याळं एक तासानं वेगळी!

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी पद्धत आली, 'एकवीस' च्या जोडीला 'वीस एक', तेव्हा केवढी चर्चा झाली होती ते आपल्याला आठवत असेल. त्या वेळी सगळ्यांनाच मराठी अंकांची काळजी वाटली. तेवढी नाही, पण त्यातली थोडी काळजी 'पावणे' आणि 'सव्वा' च्या वाट्यालाही यावी, असं मला वाटतं. हे शब्द कुठल्या पुस्तकातून कुणी काढलेले नाहीत. वापरात नाहीत म्हणून ते आपोआप चाललेत.

शिवाय गोल घड्याळ हे एकाच वेळी तीन पाठांचं साहित्य आहे. पाचचा पाढा त्यावर आहे. अपूर्णांक त्यावर आहेत. आणि कोनही आहेत: मोठा काटा पाव तासात ९० अंश फिरतो, म्हणजे काटकोन, अर्ध्या तासात सरळ कोन. शिष्यवृत्तीच्या तयारीत काट्यांमधला कोन, घड्याळाची आरशातली प्रतिमा असे प्रश्न येतात, तेव्हा ज्याला घड्याळ बघायचीच सवय नाही ते मूल काय करणार? पाठ करणार आणि विसरणार.

वर्गात आणि घरात काय करता येईल?

मी केलं ते सांगते. यातलं कुठलंच काम अवघड किंवा खर्चाचं नाही.

पहिलं, वर्गातल्या गोल घड्याळाच्या बरोबर खाली एक चिकटवायचं डिजिटल घड्याळ लावलं. दोन्ही एकाच वेळेला लावलेली. रोज एक 'वेळमंत्री' ठरतो. परिपाठ, मधली सुट्टी आणि शाळा सुटताना त्यानं उभं राहून वेळ तीन प्रकारे सांगायची: "चार वाजून पंचेचाळीस मिनिटं. पाचला पंधरा कमी. पावणेपाच." दोनेक महिन्यांत मुलं न अडखळता सांगायला लागली. इथं डिजिटल घड्याळ शत्रू नाही, ताळा करून बघायचं साधन आहे. मूल आधी काटे वाचतं, मग खालचा आकडा बघून स्वतःच स्वतःला तपासतं. मला विचारायची गरजच पडत नाही.

दुसरं, पाण्याचं घड्याळ. ही घड्याळं पाण्यानं बिघडत नाहीत असं पाकिटावर लिहिलेलं असतं, त्यावरून मी मुलांना पाण्यातच चालणाऱ्या घड्याळाची गोष्ट सांगितली. आपल्याकडं पूर्वी घटिकापात्र असायचं. तळाला बारीक छिद्र असलेलं धातूचं वाडगं पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटकांचा दिवस आणि रात्र. लग्नाच्या मुहूर्ताला अजूनही कुठं कुठं ते ठेवतात. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग तिथलाच. मुलांनी प्लॅस्टिकच्या वाटीला सुईनं छिद्र पाडून बादलीत सोडलं आणि डिजिटल घड्याळावर मोजलं. आमची वाटी पहिल्यांदा चारच मिनिटांत बुडाली. मग छिद्र मेणानं बारीक कर, वाटी बदल, असे प्रयोग मुलांनी आपापसात सुरू केले. गणित, विज्ञान आणि इतिहास एकाच बादलीत!

तिसरं, घड्याळाची परीक्षा. महिन्याच्या एक तारखेला आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी येणाऱ्या 'पीप-पीप' बरोबर घड्याळ लावायचं आणि पुढच्या महिन्यात त्याच वेळी पुन्हा बघायचं. स्वस्त घड्याळ महिन्यात काही सेकंद पुढं किंवा मागं गेलेलं असतं. महिन्याला इतके, तर वर्षाला किती? 'यंत्र कधी चुकत नाही' ही मुलांची समजूत अशानं आपोआप सुटते.

चौथं, पालकांसाठी. घरातल्या बंद घड्याळात आजच सेल घाला. आणि मुलाशी बोलताना मुद्दाम 'सव्वासहाला अभ्यासाला बस', 'पावणेदहाला झोपायचं' असंच म्हणा. सहलीला कोल्हापूरला न्यू पॅलेस बघायला नेलंत, तर मनोऱ्यावरचं घड्याळ आधी मुलाला वाचायला लावा, मगच तिकीट काढा.

घेताना आणि चिकटवताना

आता घ्यायचंच, तर चार गोष्टी बघून घ्या. एक, 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका. पाकिटावर आयपी आणि पुढं दोन आकडे आहेत का बघा. पहिला आकडा धुळीपासूनचं संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचं. दुसरा आकडा ४ असेल तर सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे चालतात. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावं अशी अपेक्षा असते. काहीच लिहिलेलं नसेल, तर पावसाचे थेंब सोसेल एवढंच समजा. गाडी धुताना पाईपाची धार त्यावर मारू नका.

दोन, ऊन. मे महिन्यात स्कूटर उन्हात लावली की माझ्या घड्याळाची पट्टी काळी पडते, आकडे दिसत नाहीत. सावलीत आलं की परत दिसतात. या पडद्यातला द्रव-स्फटिक फार तापला की असं होतं. पण रोज रोज तापून ते लवकर खराब होतं आणि मागचा चिकटपणाही सुटतो. आणि बहुतेक घड्याळांत दिवा नसतो, त्यामुळं रात्री काही दिसत नाही. रात्रपाळीला जाणाऱ्यांनी हे बघून घ्यावं.

तीन, जागा. गाडीचा वेग दाखवणारा काटा आणि इशारे देणारे दिवे झाकले जाणार नाहीत अशा ठिकाणी चिकटवा. वेळ लावायची बटणं चालत्या गाडीवर दाबू नका. ताशी ४० किलोमीटर वेगानं जाताना दोन सेकंद नजर खाली गेली, तर गाडी सुमारे २२ मीटर पुढं गेलेली असते. आपल्या शाळेच्या दोन वर्गखोल्यांची लांबी एकत्र धरा, त्याहून जास्तच. तेवढं अंतर आपण डोळे मिटून चालवल्यासारखं होतं.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. या घड्याळात बटणासारखा चपटा सेल असतो. लहान मूल तो तोंडात घालू शकतं. हा सेल अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळं त्यातून वीज वाहते, क्षार तयार होतो आणि दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. मोठ्या, तीन व्होल्टच्या चपट्या सेलचा धोका जास्त. घड्याळ बंद पडलं म्हणजे सेल पूर्ण मेला असं नाही, जुना सेलही घातक ठरू शकतो. मुलानं सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या आणि 'बटण-सेल गिळलाय' असं स्पष्ट सांगा. नाकात किंवा कानात घातला तरी तेवढीच घाई करा. म्हणून ज्याचं झाकण नखानं उघडतं असं घड्याळ लहान मुलांच्या हाताला लागेल तिथं नको. स्क्रूचं झाकण असलेलंच घ्या. बदललेला सेल चिकटपट्टीत गुंडाळून मुलांपासून दूर ठेवा.

शेवटी

त्या मुलाचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मी त्याच्या आईची वर्गासमोरच माफी मागितली. म्हटलं, "ताई, पोराची चूक नाही. मी शिकवायला कमी पडले." तिला अवघडल्यासारखं झालं. म्हणाली, "तसं कशाला मॅडम... पन घरचं घड्याळ बंदच हाय की आमचं." दुसऱ्या दिवशी पोरगं सांगत आलं, आईनं सेल आणला, घड्याळ सुरू झालं. फ्रीजवरचं डिजिटलही आहेच. आता आमच्या वर्गात सर्वांत पक्का वेळमंत्री तोच. पण 'पावणे' म्हणताना तो अजूनही एक क्षण थांबतो, मनातल्या मनात मोजतो आणि मगच बोलतो. ते थांबणं बघितलं की मला स्टँडवर तासभर उभी राहिलेली त्याची आई आठवते.

आपण शिक्षक रोज कितीतरी गोष्टी 'हे तर येतंच सगळ्यांना' असं धरून पुढं जातो. घड्याळ ही त्यातलीच एक. कुठल्याही परीक्षेत या मुलाला 'पावणेपाच' विचारलं नव्हतं. विचारलं ते थेट त्याच्या आईनं.

म्हणून एक विनंती. आज संध्याकाळी आपल्या मुलाला, उद्या सकाळी आपल्या वर्गाला फक्त एक प्रश्न विचारा: "पावणेपाच लिहून दाखव." उत्तर ४:४५ आलं तर शाबासकी द्या. ५:४५ आलं तर रागावू नका. भिंतीकडं बघा, तिथलं घड्याळ चालू आहे का ते तपासा, आणि मुलाला शेजारी घेऊन बसा. पाव तास पुरतो.